मर्लिनचं तोंड, आर्थरची हाडं

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. आर्थर नावाचा राजा खरोखर होऊन गेला का, या प्रश्नात मला काडीचाही रस नाही. झाला असेल तर आनंद आहे, नसेल तर माझी झोप उडत नाही. माझं भांडण वेगळ्याच दोन जमातींशी आहे. पहिली जमात डोंगरातल्या गोष्टीला छिन्नी लावते आणि तिचा देखावा करून ठेवते. दुसरी जमात त्याच गोष्टीत 'काहीतरी तथ्य असणारच' म्हणत भिंग घेऊन फिरते. या दोघी एकमेकींच्या सख्ख्या वैरिणी वाटतात, पण दोघींचा उद्योग एकच आहे. दोघी गोष्टीची जन्मतारीख खोडून टाकतात.

ज्यांना आर्थर फक्त सिनेमातून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. रोमन लोक ब्रिटन सोडून गेल्यावर, साधारण पाचव्या-सहाव्या शतकात, समुद्रापलीकडून येणाऱ्या सॅक्सन टोळ्यांशी लढलेला ब्रिटन लोकांचा राजा अशी त्याची ख्याती. मर्लिन हा त्याचा मांत्रिक, सल्लागार, ज्योतिषी, जे म्हणाल ते. इथे एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. हे 'ब्रिटन' म्हणजे आजच्या वेल्श आणि कॉर्निश लोकांचे पूर्वज, आणि सॅक्सन म्हणजे इंग्रजांचे. थोडक्यात, आर्थर हा मुळात इंग्रजांच्या पूर्वजांविरुद्ध लढलेला राजा. आज तो इंग्लंडचा हिरो म्हणून टी-शर्टवर मिळतो. हा प्रवास कसा झाला हे कुठल्याच टी-शर्टवर लिहिलेलं नसतं.

मी ऑनसाईट म्हणून मँचेस्टरला होतो तेव्हा शनिवार-रविवार अंगावर यायचे. (देसी मंडळींची पॉटलक पार्टी हा एक पर्याय होता, तो मी दोनदा वापरून पाहिला.) मग नकाशा उघडायचा आणि जिथे आर्थर किंवा मर्लिनचं नाव दिसेल तिथे जायचं, असा छंद लागला. ब्रिटनच्या नकाशावर अशी नावं ढिगाने आहेत. आर्थरचा दगड, आर्थरची गुहा, आर्थरची खुर्ची. एडिनबरो शहरात जो विझलेला ज्वालामुखी आहे तोसुद्धा 'आर्थर्स सीट'. फार बसायचा हा माणूस.

यातलं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण म्हणजे टिंटॅजेल. कॉर्नवॉलच्या उत्तर किनाऱ्यावर अटलांटिकमध्ये घुसलेलं, मुख्य जमिनीला जेमतेम चिकटलेलं एक खडकाळ भूशिर. आता त्याच्या तारखा बघा, कारण माझा सगळा मुद्दा तारखांचाच आहे.

११३६ च्या सुमारास जेफ्री ऑफ मॉनमथ नावाच्या एका धर्मगुरूने लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला. 'इतिहास' हा त्याचा शब्द. त्यात राजा उथर हा कॉर्नवॉलच्या सरदाराच्या बायकोवर भाळतो. सरदार तिला टिंटॅजेलच्या किल्ल्यात ठेवतो. मर्लिन उथरला त्या नवऱ्याचंच रूप देतो, आणि त्या रात्री आर्थर पोटात येतो. (इंद्र आणि अहल्या आठवले ना? मलाही.) जेफ्रीने हे लिहिलं तेव्हा आज दिसतो तो किल्ला अस्तित्वातच नव्हता. तो बांधला कॉर्नवॉलचा अर्ल रिचर्ड याने, म्हणजे राजा तिसऱ्या हेन्रीच्या भावाने, आणि तोही १२३३ मध्ये ही जागा ताब्यात आल्यानंतर. लष्करीदृष्ट्या जागेचा उपयोग जवळजवळ शून्य. मग एवढा खर्च कशाला? तर पुस्तकात किल्ला होता म्हणून. लोक हा क्रम उलटा धरतात. पडक्या भिंती बघून त्यांना वाटतं, गोष्टीला पुरावा सापडला. प्रत्यक्षात आधी गोष्ट आली आणि मग तिच्यावरहुकूम किल्ला उभा राहिला. रिक्वायरमेंट डॉक्युमेंट एका कथाकाराने लिहिलं आणि क्लायंटने शंभर वर्षांनी पैसे मोजून ते बांधून घेतलं!

पुढे एकोणिसाव्या शतकात टेनिसनने आर्थरवर काव्यमाला लिहिली. त्यात लाटांवरून आलेलं बाळ मर्लिनच्या पायाशी येतं, आणि भूशिराच्या पोटातून आरपार गेलेल्या, भरतीला पाण्याने भरणाऱ्या गुहेला मर्लिनची गुहा म्हणून कीर्ती मिळाली. रेल्वेयुगातले पर्यटक येऊ लागले. मूळचं ट्रेव्हेना नावाचं गाव स्वतःलाच टिंटॅजेल म्हणवून घेऊ लागलं. १९३३ साली कस्टर्ड पावडरीच्या धंद्यात पैसा केलेल्या एका गृहस्थांनी गावात आर्थरचा दरबार बांधला. गोलमेज, सिंहासन, रंगीत काचांच्या खिडक्या, सगळं साग्रसंगीत. मला हे कस्टर्डवाले गृहस्थ मनापासून आवडतात. त्यांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जागेत, स्वतःच्या इमारतीत हौस भागवली. कुणाची फसवणूक नाही की कुणाच्या खडकाला हात नाही.

आणि याच भूशिरावर खरोखर काय होतं? पाचव्या ते सातव्या शतकातली एक मोठी, श्रीमंत वस्ती. १९८३ साली तिथे आग लागली, गवत-माती जळून गेली आणि आणखी कितीतरी घरांचे पाये उघडे पडले. इथे भूमध्य समुद्राकडून आलेली खापरं सापडतात, आजच्या तुर्कस्तानातली आणि ट्युनिशियाकडची. तेलाचे-दारूचे रांजण, जेवणाच्या तांबड्या थाळ्या. त्या काळातली अशी आयात ब्रिटनमध्ये दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी एवढ्या प्रमाणात सापडलेली नाही. रोमन गेले आणि ब्रिटन अंधारात बुडालं असं जे शाळेत शिकवतात, ते या एका खडकावर खोटं ठरतं. इथले लोक कॉर्नवॉलच्या कथिलाच्या मुलुखात बसून कॉन्स्टँटिनोपलच्या जगाशी व्यापार करत होते. १९९८ साली इथे सहाव्या शतकातली एक कोरीव पाटी सापडली, तिच्यावर 'आर्टोग्नू' असं एक नाव आहे. झालं! वर्तमानपत्रांनी तिला 'आर्थर स्टोन' करून टाकलं. बिचारा आर्टोग्नू! चौदाशे वर्षांनी जगाला त्याचं नाव कळलं आणि पहिल्याच दिवशी ते दुसऱ्याच्या खात्यावर जमा झालं.

आता छिन्नीकडे येतो. टिंटॅजेलचा कारभार इंग्लिश हेरिटेज ही संस्था बघते. २०१५ साली सरकारने तिला वेगळं काढून धर्मादाय संस्था केलं. हातावर आठ कोटी पौंड ठेवले आणि सांगितलं, आठ वर्षांत स्वतःच्या पायावर उभे राहा. म्हणजे तिकीटबारी वाढली पाहिजे. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी गुहेजवळच्या खडकात मर्लिनचा दाढीवाला चेहरा कोरवून घेतला. खऱ्या खडकात, छिन्नीने. कॉर्नवॉलमध्ये ओरड झाली. स्थानिक इतिहासाचे अभ्यासक भडकले, या जागेचा डिस्नेलँड करताय का असं लोक विचारू लागले. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, एप्रिल २०१४ मध्ये, ब्रिटिश सरकारने कॉर्निश लोकांना राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली होती. त्यांची भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीस बोलण्यातून गेली आणि विसाव्या शतकात हट्टाने परत आणली गेली. युनेस्कोने २०१० मध्ये तिच्यापुढचा 'मृत' हा शेरा बदलला. अशा लोकांच्या राजधानीसारख्या जागेवर त्यांच्या एकाही राजाचा चेहरा नाही. आहे तो एका मांत्रिकाचा, ज्याला त्या गुहेत कवींनी आणून बसवलं.

संस्थेच्या बाजूने म्हणणारे म्हणतात, "गोष्ट हाही इतिहासाचाच भाग आहे, मग ती दाखवली तर बिघडलं कुठे?" पहिलं अर्धं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणून तर चीड येते. गोष्ट इतिहासाचा भाग असेल तर इतिहासाचे नियम तिलाही लावा. कुणी सांगितली, कधी सांगितली, कुणासाठी सांगितली हे लिहा. पाटीवर '११३६' लिहिता येतं, खडकातल्या तोंडावर येत नाही. आपल्या धंद्यातला कुणीही नवशिक्या पोरगा सांगेल की कोडची ओळ कुणी आणि केव्हा घातली हे बघायला ब्लेम नावाची कमांड असते, आणि हिस्टरी पुसणाऱ्याला टीममध्ये शिव्या बसतात. इथे हिस्टरी पुसून व्हॅल्यू हार्डकोड केली आहे. शंभर वर्षांत वारा-पाऊस त्या तोंडाला अस्सल म्हातारपण देतील. तेव्हाच्या पोरांना कोण सांगणार की हे तिकीटबारीच्या काळजीतून आलं होतं?

त्याच वर्षी वरच्या कड्यावर एक ब्राँझचा पुतळा उभा केला, आठेक फूट उंच, मुकुट घातलेला आणि तलवार टेकलेला. त्याचं नाव 'गॅलोस', म्हणजे कॉर्निशमध्ये सामर्थ्य. त्यावरही टीका झाली, पण माझी फारशी तक्रार नाही. तो आणून ठेवलेला आहे, उद्या उचलता येतो, शिल्पकाराचं नाव जगाला ठाऊक आहे. अंगातून आरपार आभाळ दिसतं, त्यामुळे आपण जुने आहोत असा आवही तो आणत नाही. २०१९ मध्ये भूशिराला जोडणारा पादचारी पूल झाला. त्याचे दोन अर्धे भाग मधोमध मुद्दाम चार सेंटिमीटरची फट ठेवून थांबवलेत. ती फट पाहून मात्र मी खूश झालो. दोन काळ जोडतानाही मधली भेग झाकायची नाही, हे त्या पुलाच्या इंजिनिअरांना जमलं.

तुम्ही म्हणाल, एक चेहरा कोरला तर एवढं काय आभाळ कोसळलं. म्हणून आता टिंटॅजेल सोडून वेल्सला चला, कारण गोष्टीवरची नावं बदलली की काय होतं ते तिथे दिसतं.

उत्तर वेल्समध्ये बेडगेलर्ट गावाजवळ डिनास एम्रिस नावाची झाडीने भरलेली टेकडी आहे. राजा व्होर्टिगर्न तिथे किल्ला बांधायला घेतो. दिवसभर बांधायचं आणि सकाळी बघावं तर सगळं गायब. (नाईटली बिल्ड रोज फेल.) राजाचे मांत्रिक सांगतात, बाप नसलेला मुलगा आणा आणि त्याचं रक्त पायावर शिंपडा. मुलगा आणला जातो, पण तो भलताच हुशार निघतो. तो म्हणतो, आधी खणून बघा. खाली तळं निघतं आणि तळ्याच्या पोटात दोन नाग-राक्षस, एक लाल आणि एक पांढरा, एकमेकांशी झुंजत असतात. लाल म्हणजे ब्रिटन, पांढरा म्हणजे सॅक्सन, आणि शेवटी लाल जिंकणार असं मुलगा सांगतो. वेल्सच्या झेंड्यावरचा लाल ड्रॅगन त्याच घराण्यातला.

माझ्या टीममध्ये एक वेल्श टेस्टर होता. मी सोमवारी उत्साहाने त्याला सांगितलं, "मर्लिनच्या टेकडीवर जाऊन आलो." तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "टेकडीचं नाव काय?" म्हटलं, "डिनास एम्रिस." "मग त्यात मर्लिन कुठे दिसला तुला?" टेस्टरच तो, बग शोधणारच.

त्याचं बरोबर होतं. ही गोष्ट सगळ्यात आधी ८२९-३० च्या सुमाराच्या एका लॅटिन ग्रंथात येते, आणि तिथे मुलाचं नाव अँब्रोसियस, म्हणजे वेल्शमध्ये एम्रिस. मर्लिनचा पत्ताही नाही. तीनशे वर्षांनी जेफ्रीने एम्रिस उचलला, त्याला मिर्डिन नावाच्या वेल्श परंपरेतल्या वेगळ्याच वेड्या द्रष्ट्याशी जोडला आणि मर्लिन तयार केला. दोन क्लास मर्ज करून टाकले. १९५४ ते ५६ या काळात टेकडीवर उत्खनन झालं, तेव्हा माथ्यावर तळ्यासारखा खड्डा आणि रोमनांनंतरच्या काळात लोक राहत असल्याच्या खुणा मिळाल्या. त्याबद्दल जेवढं बोललं जातं, त्याच्या निम्म्यानेही 'मुलाचं नाव कुणी बदललं' याबद्दल बोललं जात नाही.

त्याच बेडगेलर्ट गावात एक कबर आहे, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. राजा लिवेलिनचा इमानी कुत्रा गेलर्ट. राजा शिकारीहून येतो तर पाळणा उलटलेला, बाळ दिसत नाही, कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं. राजा तलवार खुपसतो. मग पाळण्याखाली बाळ सुखरूप सापडतं आणि शेजारी मेलेला लांडगा. ओळखीचं वाटतंय? कुत्र्याच्या जागी मुंगूस ठेवा, लांडग्याच्या जागी साप, राजाच्या जागी डोक्यावर घागर घेऊन आलेली ब्राह्मणीण. आपल्या पंचतंत्रातलीच गोष्ट! अरबी, लॅटिन असा भाषांतरांचा प्रवास करत ती युरोपभर पसरली. वेल्समध्ये ती या गावाला चिकटली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस गावातल्या एका हॉटेलवाल्याने, धंदा वाढावा म्हणून, दगड रचून कुत्र्याची कबर तयार केली. गावाचं नाव बहुधा एका जुन्या संतावरून पडलेलं आहे. कबरीशी लोक डोळे पुसत उभे असतात. मीही पाच मिनिटं गप्प उभा होतो. गोष्ट कुठून आली हे माहीत असूनही घसा दाटला. जन्मतारीख सांगितली की गोष्टीतली जादू जाते, असं ज्यांना वाटतं त्यांनी तिथे जाऊन यावं.

हॉटेलवाला पोटासाठी करतो ते समजू शकतं. राजे करतात तेव्हा प्रकरण वेगळं असतं.

वेल्श लोकांची श्रद्धा होती की आर्थर मेलेला नाही, एक दिवस परत येणार. राज्यकर्त्यांना असली श्रद्धा परवडत नाही. आता तारखा बघा. ११८४ मध्ये ग्लास्टनबरीचा मठ आगीत जळाला. बांधकामाला पैसे देणारा राजा दुसरा हेन्री ११८९ मध्ये मेला. त्याचा मुलगा रिचर्ड सगळा पैसा धर्मयुद्धावर ओतू लागला. आणि ११९१ च्या सुमारास मठातल्या साधूंना खणताना नेमकी आर्थरची आणि राणीची कबर सापडली, सोबत शिशाचा क्रूस आणि त्यावर 'इथे राजा आर्थर पुरला आहे' अशा अर्थाचा मजकूर. योगायोग दांडगाच म्हणायचा. यात्रेकरू आले, दानपेट्या भरल्या.

ही झाली साधूंची सोय. १२७७ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्सच्या लिवेलिनला (कुत्रेवाल्याच्या नातवाला, कबरीवरचा तोच धरला तर) नमवलं. पाच-सहा महिन्यांनी, एप्रिल १२७८ मध्ये, एडवर्ड राणीला घेऊन ग्लास्टनबरीला हजर. कबर उघडली, हाडं जगाला दाखवली आणि मोठ्या सन्मानाने काळ्या संगमरवरी थडग्यात पुन्हा पुरली. निरोप स्पष्ट होता: तुमचा राजा मेलाय, ही घ्या हाडं, आता वाट बघणं बंद करा. १२८२ मध्ये लिवेलिन मारला गेला, वेल्स पडलं, आणि 'आर्थरचा मुकुट' म्हणून वेल्श लोकांनी जपलेली वस्तू वेस्टमिन्स्टरला नेली गेली. १३०१ मध्ये हाच एडवर्ड पोपला पत्र लिहून स्कॉटलंडवर हक्क सांगतो, आणि पुराव्यात कुणाचं नाव? आर्थरचं. ज्यांच्याविरुद्ध लढल्याची त्याची गोष्ट, त्यांच्याच वारसाच्या बाजूने साक्ष द्यायला त्याला उभं केलं. टी-शर्टपर्यंतचा प्रवास तो हा.

आता कळलं, तारखेचा एवढा आग्रह का? गोष्टीवरची तारीख पुसली की ती कुणाच्याही खिशात जाते. आणि साधारणपणे ज्याच्याकडे सैन्य किंवा तिकीटबारी असते त्याच्याच खिशात जाते. 'हे सगळं थोतांड आहे' म्हणून हात झटकणाऱ्यांचंही मला पटत नाही ते यासाठीच. थोतांड कसलं? ११३६ चं म्हणून अस्सल आहे, ११९१ चं म्हणून अस्सल आहे. पाचव्या शतकाचं म्हणून विकलं तर बनावट.

गंमत म्हणजे ग्लास्टनबरीत आज मठाच्या अवशेषांत जी पाटी आहे ती फार सभ्य आहे. ११९१ मध्ये देह सापडल्याचं 'सांगितलं जातं', १२७८ मध्ये अमुक राजाराणीसमोर हलवले, १५३९ मध्ये मठ बरखास्त होईपर्यंत थडगं होतं. एवढंच. तारखा आणि 'सांगितलं जातं'. ज्या जागी सगळ्यात मोठी बनवाबनवी झाली, तिथली पाटी सगळ्यात प्रामाणिक!

भिंगवाल्यांचं राहिलंच. त्यांचं आवडतं ठिकाण स्टोनहेंज. जेफ्रीच्या पुस्तकात मर्लिन आयर्लंडमधल्या एका डोंगरावरचं राक्षसांचं शिळावर्तुळ उचलून इंग्लंडात आणतो. पंधरा हजारांच्या फौजेला दोऱ्या-शिड्यांनी जे जमत नाही ते हा हसत हसत करतो. १९२३ साली भूवैज्ञानिकांनी दाखवलं की स्टोनहेंजमधले लहान 'ब्लूस्टोन' खरोखर दूरवरून, सुमारे २२५ किलोमीटरवरच्या वेल्समधल्या प्रेसेली टेकड्यांतून आले आहेत. तेव्हापासून भिंगवाले खूश. २०२१ च्या फेब्रुवारीत प्रेसेलीतच एका मोडून नेलेल्या शिळावर्तुळाच्या खुणा सापडल्याचं जाहीर झालं, टीव्हीवर कार्यक्रम झाला आणि मथळे आले की मर्लिनची गोष्ट खरी असावी. आयर्लंड कुठे, वेल्स कुठे? त्यावर उत्तर तयार: पश्चिम वेल्सवर एके काळी आयरिश लोकांचं राज्य होतं ना! पुढच्या काही वर्षांत इतर अभ्यासकांनी त्या वर्तुळाबद्दलच गंभीर शंका काढल्या. मग ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी एक शोध प्रसिद्ध झाला. मधली सहा टनी 'अल्टार स्टोन' वेल्सचीही नाही, ती निदान ७५० किलोमीटरवरून, स्कॉटलंडच्या ईशान्येकडून आली आहे. त्या दिशेचा मर्लिनने चकार शब्द काढलेला नाही.

हिशोब करा. ब्लूस्टोन आले इसवीसनपूर्व ३००० च्या आसपास. जेफ्रीने लिहिलं ११३६ मध्ये. म्हणजे चार हजार वर्षं, मधे दोन-तीनदा भाषा बदललेल्या, कुठेही बॅकअप नाही, आणि डेटा आपला जसाच्या तसा! याहून सोपा खुलासा असा की दगड आसपासच्या दगडांसारखे दिसत नाहीत, हे बाराव्या शतकातल्या माणसालाही डोळ्यांनी दिसत होतं. आणि दूरचं म्हणजे समुद्रापलीकडचं, एवढं तो लिहूच शकत होता. माझा खरा राग मात्र वेगळा आहे. दगड ओढून आणणाऱ्या, लेखन नसलेल्या माणसांनी जे केलं ते मर्लिनच्या कथेपेक्षा कितीतरी अचाट आहे. ते त्यांचं म्हणून सांगायला काय होतं? प्रत्येक मथळ्यात मर्लिन कशाला हवा? पुन्हा आर्टोग्नूचीच गत. (पांडवलेण्यांचं काय, असं विचारू नका. त्यावर लिहायला बसलो तर हे दोन दिवस पुरायचे नाहीत.)

एक अडचण उरते. ती मी टाळणार नाही, कारण माझ्या त्या वेळच्या घराजवळचीच आहे. मँचेस्टरच्या दक्षिणेला ऑल्डर्ली एज नावाचा वाळूच्या खडकाचा, जंगलाने झाकलेला कडा आहे. मॉबर्ली गावचा एक शेतकरी पांढरी घोडी विकायला मॅकल्सफील्डच्या बाजारात निघालेला असतो. वाटेत एक म्हातारा घोडी मागतो, हा देत नाही. म्हातारा म्हणतो, तुझी घोडी कुणी घेणार नाही, संध्याकाळी भेट. तसंच होतं. संध्याकाळी म्हातारा काठीने खडक ठोकतो, लोखंडी दरवाजे उघडतात, आत झोपलेलं सैन्य आणि एक घोडा कमी. देशावर संकट आलं की हे उठणार. ही गोष्ट १८०५ मध्ये मँचेस्टरच्या वर्तमानपत्रात छापून आली. १७७६ मध्ये वारलेले गावचे एक पाद्री ती सांगायचे, आणि आपल्या ऐंशीएक वर्षं आधी घडली म्हणायचे. आर्थर आणि मर्लिन ही नावं तिला नंतर चिकटली. आधी नुसता मांत्रिक आणि नुसते झोपलेले वीर.

या कड्याखाली तांब्याच्या खाणी आहेत, डोंगर खरंच पोकळ आहे. शाळेत पडून असलेलं एक लाकडी फावडं लेखक अॅलन गार्नर यांनी लहानपणी ओळखलं आणि जपलं. पुढे ते सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचं निघालं. भिंगवाले लगेच म्हणतात, बघा, ब्राँझयुगाची आठवण! अहो, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे पुन्हा खणत होते. पाद्रीबुवांची ऐंशी वर्षं मोजा की, बरोबर तिथेच येऊन थांबतात.

तर अडचण ही की, या कड्यावर पाणी झिरपतं तिथे दगडी कुंड आहे आणि त्याच्यावर खडकात दाढीवाल्या मांत्रिकाचा चेहरा कोरलेला आहे. खाली पाणी प्यायला बोलावणाऱ्या दोन ओळी. तो माझ्या फार आवडीचा आहे. मग टिंटॅजेलवर एवढा थयथयाट का? एका मित्राला पुण्याला फोटो पाठवला होता, त्याने नेमकं हेच विचारलं, "अरे, मग हा चालतो आणि तो का नाही?"

गार्नर यांच्या घराण्यात सांगतात की हा चेहरा त्यांच्या खापरपणजोबांनी कोरला. ते गावचे पाथरवट होते, ज्या लोकांत ही गोष्ट सांगितली जायची त्यांच्यातले. त्यांनी कोरला तो गावचा बिननावाचा मांत्रिक, वरच्यांनी पाठवलेला मर्लिन नव्हे. शेजारी दुसऱ्या कुणाची अर्धवट उकललेली राजधानी नव्हती, जिच्यावर या तोंडाची सावली पडेल. आणि कोरणाऱ्याच्या नातवंडांना अजून माहीत आहे की हात कुणाचा. म्हणजे ब्लेम चालवली तर उत्तर येतं. एवढं असूनही, उद्या कुणी त्याच कड्यावर आर्थरचा चेहरा शेजारी कोरायला आलं, तर मी टिंटॅजेलवाल्यांइतकाच ओरडेन.

मित्राला हे सगळं चॅटवर टाईप केलं. त्याचं उत्तर आलं, "मोठं आहे, नंतर वाचतो."

मँचेस्टरला असाल तर पिकॅडिलीहून ऑल्डर्ली एजची लोकल अर्ध्या तासाची आहे, स्टेशनवरून चढ धरून पायी जाता येतं. जंगलाला तिकीट नाही. कुंडाची वाट उताराची आणि निसरडी आहे, ऑफिसचे बूट घालून जाऊ नका.